वासंतीच्या मापाची रायफल

वासंती गेल्याचं मला तिच्या मुलाच्या, नीलच्या फोनवरून कळलं. राग आला तो नंतर, इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवरचा मेसेज वाचून. ‘कॅन्सरशी तिची झुंज अखेर संपली,’ असं कोणीतरी लिहिलं होतं आणि खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. झुंज संपली म्हणजे काय, ती हरली? वासंती हरली नाही. ती मेली. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तिला ओळखणाऱ्या कोणीतरी हे लिहून ठेवायला हवं, म्हणून हा लेख. यात रायफल आहे, हरणं आहेत, रक्तही आहे. मी स्वतः जन्माची शाकाहारी, तेव्हा काही वाचकांना कसंसं होईल हे मला समजतं. होऊ दे. हे सगळं गाळून सोज्वळ वासंती सांगायची असेल तर तिच्याबद्दल न लिहिलेलंच बरं.

ती मूळची कराडची. लंडनजवळच्या वॉटफर्डला एका केमिस्टच्या दुकानात फार्मसिस्ट म्हणून तिनं उभी हयात काढली. उंचीनं माझ्याएवढीच, म्हणजे बसमध्ये वरचं हँडल धरायला टाचा उंचावाव्या लागणारी. नवरा गेल्यावर तिला स्कॉटलंडच्या डोंगरांचं वेड लागलं आणि एजवेअरमधल्या माझ्या घरातून मला ओढून नेणं हा त्या वेडाचाच भाग झाला. अशाच एका भटकंतीत डंकन भेटला. तिथल्या एका मोठ्या इस्टेटीवर हरणांची देखरेख करणारा माणूस. उघड्याबोडक्या उताराकडं बोट दाखवून त्यानं सांगितलं, की लांडगे कधीच संपले, हरणं बेसुमार वाढली, ती एकही रोप वर येऊ देत नाहीत, आणि कडक हिवाळ्यात उपासमारीनं मरतात. म्हणून दरवर्षी ठरावीक हरणं मारावीच लागतात. मी मान फिरवली. वासंती मात्र त्याला प्रश्न विचारत राहिली. परतीच्या ट्रेनमध्ये मला म्हणाली, “आयुष्यभर मटण खाल्लं गं मी, पण एकदाही त्या जनावराकडं बघितलं नाही. नेहमी दुसऱ्या कोणीतरी मारायचं आणि मी फोडणी द्यायची…”

ती रीतसर नेमबाजी शिकली. पण इस्टेटीची जी पद्धत होती ती तिला पटेना. शिकारीला आलेल्या पाहुण्यानं रिकाम्या हातानं मागून चालायचं, रायफल डंकननं वाहायची, आणि हरीण समोर आलं की ती पाहुण्याच्या हातात द्यायची. “म्हणजे ओझं त्याचं आणि बोट तेवढं माझं?” ती म्हणाली. इस्टेटीची रायफल जुनी, लाकडी दस्त्याची आणि वजनदार होती. हट्टानं ती स्वतः घेऊन चढताना वासंतीला धाप लागायची. म्हणून स्वतःची, हलकी रायफल घ्यायची असं तिनं ठरवलं आणि त्याच हिवाळ्यात तिच्या उजव्या स्तनात गाठ सापडली.

ऑपरेशन झालं, रेडिओथेरपी झाली. उजव्या खांद्याखाली जिथं रायफलचा दस्ता टेकवायचा, तिथली सगळी कातडी ताणलेली आणि हुळहुळी झाली. नीलला वाटलं, चला, हा विषय तरी संपला. तो इथंच जन्मलेला, आईवर जीव टाकणारा, मराठी आपल्या पद्धतीनं बोलणारा. “आई, आता तू आराम करायचा. प्लीज. गार्डनिंग कर ना, सगळे आईलोक करतात.” वासंती सोफ्यावर उशा लावून बसली होती. तिनं टीव्हीचा रिमोट उचलला, डाव्या खांद्याला लावला, डावा डोळा उघडा ठेवून उजवा मिटला आणि खिडकीबाहेरच्या कचऱ्याच्या डब्यावर नेम धरला. “जमेल,” ती म्हणाली.

रायफल घ्यायला मी तिच्याबरोबर गेले होते. वॉटफर्डपासून तासाभराच्या अंतरावर, शेतांच्या मध्ये एक दुकान होतं. दुकानदार सभ्य होता, पण सुरुवातीला तो माझ्याकडं, तिच्याकडं आणि मग आमच्या मागं दाराकडं बघत होता, कोणी पुरुष मागून येतोय का म्हणून. “भेट द्यायला हवीय का?” त्यानं विचारलं. “नाही, मारायला,” वासंती म्हणाली. मग त्यानं दुकानातली सगळ्यात हलकी रायफल काढली. कार्बनचा दस्ता, पेन्सिलीसारखी नळी, एका हातात उचलता येईल अशी. मला वाटलं, झालं काम. वासंतीनं ती हातात तोलली आणि परत दिली.

“ही चढताना चांगली, पण थांबल्यावर वाईट,” ती म्हणाली. “मला धाप लागलेली असणार, वारा असणार. पुढं थोडं वजन नसेल तर नळी हलत राहील.” शिवाय रायफल जितकी हलकी, तितका गोळी सुटल्यावरचा धक्का जास्त, हे ती वाचून गेली होती. दुकानदार आता सरळ उभा राहिला. पुढं बराच वेळ ते दोघं काउंटरवर वाकून बोलत होते आणि मी चहा पीत होते. दस्ता सिंथेटिक, म्हणजे पावसात फुगणार नाही. नळी आखूड, पण अगदी काडी नाही. बोल्ट, म्हणजे काडतूस आत सरकवायचा दांडा, डाव्या बाजूचा. काडतूस हरणाला पुरेल एवढ्याच ताकदीचं, उगाच मोठं नाही. वर छोटी, हलकी दुर्बीण. “मोठी घेतली तर लांबचं स्पष्ट दिसतं, मॅडम.” “लांबून मारायचंच नाहीये मला. दिसत नसेल तर मी जवळ जाईन.” नळीच्या टोकाला आवाज दाबणारा मॉडरेटर मात्र तिनं वजन वाढत असूनही घेतला, कारण त्यानं धक्का कमी होतो. शेवटी दस्ता तिच्या हाताच्या मापानं मागून कापायचा आणि त्याला मऊ रबर लावायचं ठरलं. “कापला की परत विकताना त्रास होतो,” दुकानदार म्हणाला. “मी विकायला घेत नाहीये,” ती म्हणाली.

परवान्यासाठी पोलिसांचा माणूस घरी आला. जिन्याखालचं लोखंडी कपाट भिंतीत घट्ट बसवलंय का ते त्यानं हलवून पाहिलं आणि नम्रपणे विचारलं, की तब्येतीचं हे असं असताना हा छंद झेपेल का? “तब्येत माझ्या छातीची गेलीय,” वासंती म्हणाली, “डोकं आणि डोळे शाबूत आहेत. तुम्हाला तेवढंच तपासायचंय ना?” तो हसला, आणि यथावकाश परवाना आणि पाठोपाठ रायफल आली. मग उन्हाळाभर तिनं नेमबाजीच्या रेंजवर पालथं पडून डाव्या खांद्यावर सराव केला. सुरुवातीला गोळ्या कुठंही जायच्या. ती शिव्या द्यायची, अस्सल कराडच्या, आणि शेजारचे इंग्रज आदरानं ऐकायचे.

नोव्हेंबरमध्ये आम्ही डंकनकडं गेलो. बारीक गारांसारखा पाऊस चेहऱ्यावर टोचत होता. चढ सुरू झाला तसा डंकननं सवयीनं हात पुढं केला. वासंतीनं रायफलचा पट्टा खांद्यावर नीट केला आणि त्याच्याकडं नुसतं बघितलं. तो पुन्हा हात पुढं करणार नव्हता, हे तिथंच ठरलं. ती थांबत थांबत चढली. शेवटी ओल्या झुडपांतून सरपटत ते दोघं पुढं गेले, मी मागं एका खडकाआड. त्या दिवशी हरणी समोर होती, तरी तिनं चाप ओढला नाही. “श्वास स्थिर होईना,” एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी डंकननं एक म्हातारी, पिल्लू नसलेली हरणी दाखवली. वासंतीनं पाठीवरची पिशवी काढून जमिनीवर ठेवली आणि पिशवीवर रायफल टेकवली. मी कान झाकले होते. एकच दबका आवाज झाला आणि हरणी जागच्या जागी बसल्यासारखी खाली गेली.

वासंती तिच्याजवळ गुडघ्यावर बसली आणि मानेवर हात ठेवून कितीतरी वेळ तशीच राहिली. मग तिनं सुरी मागून घेतली. पोट फाडून साफ करण्याचं काम पाहुण्यानं करायचं नसतं, पण तिनं केलं. मी तोंड फिरवलं तशी ती कोपरापर्यंत रक्ताळलेले हात घेऊन म्हणाली, “बघ गं. तू खात नाहीस, पण माझी मैत्रीण आहेस ना? मग मी काय केलं ते बघ.” मी बघितलं. मला अजूनही ते आवडलेलं नाही. पण त्या दिवशी ती जेवढी जिवंत दिसली, तेवढी मी तिला आधी कधीच पाहिली नव्हती.

गेल्या हिवाळ्यात आजार हाडांत उतरला होता. तरी ती गेली. डंकननं चिखलातून चढणारी आपली गाडी तयार ठेवली होती. “वरपर्यंत सोडतो, हरणं पलीकडंच आहेत.” ती नको म्हणाली. रायफल पाठीवर घेऊन जमेल तेवढं चालली, ओढ्याशी बसली आणि गळ्यातल्या दुर्बिणीतून लांबचा कळप बघत राहिली. मी म्हटलं, “अगं, काय हरकत होती गाडीला?” “चालत पोचले असते तर मारली असती,” ती म्हणाली. “पोचले नाही. आज त्यांचा दिवस.” रडणं नाही, खंत नाही. उतरतानाही रायफल तिच्याच पाठीवर होती.

ती हॉस्पिसमध्ये, नीलचा हात धरून गेली. परवानाधारक गेल्यावर रायफल घरात ठेवता येत नाही, म्हणून तोच दुकानदार ती न्यायला आला. मी तिथंच होते. त्यानं कपाटातून ती काढली, रिकामी असल्याची खात्री केली आणि सहज खांद्याला लावून पाहिली. आखूड दस्त्यामुळं त्याचा अंगठा नाकावर आला, आणि बोल्ट भलत्याच बाजूला. “चांगली आहे,” तो म्हणाला, “पण अशी कोणाला बसायची नाही. दस्ता बदलून नेहमीच्या लांबीचा टाकतो, मग पटकन जाईल.”

नील पुढं झाला. “नाही,” तो म्हणाला. “काहीच बदलायचं नाही. जिला बसेल, तिलाच द्या.”

“अशी कोणी आलीच नाही तर?”

“तर थांबा.”

दुकानदारानं मान हलवून रायफल पिशवीत घातली. परवा मी मुद्दाम त्या दुकानात डोकावून आले. भिंतीवरच्या उंच, चकचकीत रायफलींच्या मध्ये ती उभी आहे. आखूड, काळी, डावखुरी… आणि एका इंचानंही न बदललेली.