मामीची रशियन

गोष्ट अर्धवट कळलेली असताना पुढे सरकायचं नाही, असं ठरवून आयुष्य काढणारं माणूस मी एकच पाहिलं आहे, आणि ते म्हणजे माझी धाकटी मामी. मोबाइलवर नवीन ॲप घेताना जो लांबलचक मजकूर येतो, तो चष्मा लावून शेवटपर्यंत वाचणारी बाई जळगावात ती एकटीच असावी. "मान्य आहे म्हणायचं, तर काय मान्य आहे ते नको कळायला?" डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, की ती पोटात गेल्यावर नेमकी कुठे वळते हे विचारल्याशिवाय ती खुर्ची सोडत नाही, बाहेर ताटकळलेले पेशंट दारातून डोकावू लागतात. एरवी ती चारचौघांसारखं मराठी बोलते. पण काही कळेनासं झालं, की माहेरची एरंडोलची बोली उसळून वर येते. "माले समजनं नही," असं मामी म्हणाली, की आता समोरच्याची सुटका नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

अशा बाईने विद्यापीठातल्या रशियनच्या वर्गात नाव घातलं. कारण साधं होतं. तिचा चेतन डॉक्टरकी शिकायला रशियात गेला होता आणि फोनवर "हो", "नाही", "ठीक आहे" यापलीकडे बोलत नव्हता. "पोरगं ज्या मुलखात राहतं, तिथली भाषा मला यायला नको?" मी तेव्हा मामाकडे राहून एम.ए. करत होते आणि जादा क्रेडिटसाठी हाच वर्ग घेतला होता. त्यामुळे दर शनिवारी दुपारी मामीची स्कूटर, मागे मी आणि माझ्या मांडीवर दोघींची पुस्तकं, असे आम्ही रशियाच्या दिशेने निघायचो.

सर धुळ्याहून एसटीने यायचे. माणूस अतिशय गोड. ते स्वतः रशियन कुठे शिकले, हे मात्र अखेरपर्यंत कोणाला कळलं नाही. दर शनिवारी वर्गात एखादं नवीन पोर यायचं आणि त्याला मागे पडल्यासारखं वाटू नये म्हणून सर पुन्हा मुळाक्षरांपासून सुरुवात करायचे. जुनी पोरं कंटाळून गळायची, नवी यायची, मुळाक्षरं तिथेच. इंग्रजी 'पी'चा तिकडे 'र', 'एच'चा 'न' आणि 'सी'चा 'स' होतो, हे मामीच्या इतकं अंगात भिनलं, की परतताना ती केकच्या दुकानाची इंग्रजी पाटी "साक्ये" अशी वाचायची आणि पुढच्या गाडीवरच्या 'एमएच'ला 'मन' म्हणायची. हळूहळू मलाही इंग्रजी नीट वाचता येईना.

वाक्यांवर आलो त्या दिवशी तर कहरच झाला. सरांनी फळ्यावर लिहिलं, "एता क्निगा", आणि अर्थ सांगितला, "हे पुस्तक आहे." मामीचा हात वर.

"सर, एता म्हणजे हे. क्निगा म्हणजे पुस्तक. मग 'आहे' कुठे आहे?"

"रशियनमध्ये 'आहे' नसतं."

"नसतं म्हणजे?"

"म्हणजे... नसतं. पुढे येईल ते."

मामी उभी राहिली. "इतला मोठा देश, आनि 'शे' नही?"

पुढच्या वाक्यात क्निगाचं क्निगू झालं. पुस्तकाचं पुस्तकू कसं झालं, हे मामीने विचारलं आणि मीही विचारलं. "तसंच असतं, पाठ करा," सर म्हणाले. फार उशिरा मला उमगलं, की ती साधी विभक्ती होती, शाळेत आपण घोकतो तीच. सरांनी तो एक शब्द उच्चारला असता, तर आमची किती डोकेदुखी वाचली असती! मग एका शनिवारी कळलं, की रशियनमध्ये 'मामा' म्हणजे आई. "मग मामाला काय म्हणतात?" मामीने विचारलं. "पुढे येईल," सर म्हणाले आणि एसटी गाठायला निघाले.

अशातच एका संध्याकाळी मामीने चेतनला फोन लावला आणि तो होस्टेलच्या वॉर्डनबाईंनी उचलला. परीक्षा चालू असल्यामुळे पोरांचे फोन त्यांच्याकडे जमा होते. मामीने संधी सोडली नाही. रशियन नमस्कार आणि 'या' म्हणजे मी, एवढं तिला पाठ होतं. "झ्द्रास्तवुयते! या मामा! चेतन! या मामा!" पेपर वाचणाऱ्या मामाने मान वर केली. "मामा मी आहे," तो म्हणाला. पलीकडे बाई खळखळून हसल्या, भराभर खूप काही बोलल्या आणि शेवटी, मामीला कळावं म्हणून, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "वाश सून ओचिन खरोशी."

वाश म्हणजे तुमचा-तुमची, हे आम्हाला येत होतं. खरोशी म्हणजे चांगलं. ओचिन पुस्तकात सापडलं: फार. सून तर कोणी सांगायची गरज नव्हती.

"तुमची सून फार चांगली आहे," मामीने एकदा मोठ्याने म्हणून पाहिलं. त्या रात्री ती जेवली नाही. चेतनशी बोलायची सोय नव्हती. शनिवारी ती सरांना दारातच गाठून म्हणाली, "सर, रशियनमध्ये सून म्हणजे काय?"

सरांनी विचार केला. "सूनच असणार. त्या भाषेचं संस्कृतशी नातं आहे ना!"

झालं. पण मामीची गंमत अशी, की गोष्ट एकदा कळली, म्हणजे कळली असं वाटलं, की ती तिला मान्यही होऊन जाते. दोन दिवसांत रडणं थांबलं. मग प्रश्न सुरू झाले. "तिले भरीत झेपीन का? मिरची कमी घालू." "उंच असेल नाही? साडी आखूड नको व्हायला." बाजारातून तिने एक जांभळी साडी आणलीसुद्धा. मामा माझ्याकडे बघायचा, मी मामाकडे. हसावं की समजूत घालावी, आम्हा दोघांनाही कळत नव्हतं.

परीक्षा संपल्यावर चेतनचा फोन आला. सगळा प्रकार ऐकून तो इतका हसला, की बराच वेळ त्याला बोलता येईना. "अगं आई, सून नाही गं! सिन आणि सूनच्या मधला उच्चार आहे तो. त्याचा अर्थ मुलगा. तुमचा मुलगा फार चांगला आहे, म्हणाल्या त्या." मामाने मांडीवर थाप मारली, मीही हसून हसून लोळले. मामीसुद्धा हसली. मग जरा वेळाने तिने साडीची घडी मोडली, पुन्हा घातली.

"आता कसला विचार करतेस?" मामाने विचारलं. "सुटलो ना एका काळजीतून!"

"हो ना," मामी म्हणाली. तिने घडीवरून हात फिरवला. "पन मंग मना पोऱ्या तठे एकलाच शे."