पेचकस काढल्यावर

हिंगण्याच्या त्या कारखान्यात बळीराम फिटरचा कान म्हणजे अख्ख्या खात्याची इभ्रत होती. पेचकसाचं टोक चालत्या यंत्राच्या अंगाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून सांगायचं, "याचं बेअरिंग आठ दिवसांत जाते." आणि ते जायचंच. फोरमन रुपराव कुणाला चांगलं म्हणेल तर शपथ, पण नव्या माणसाला तोही म्हणायचा, "मशीनची तब्येत बळीरामले विचारा."

असला कान ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात वाजायला लागला. बारीक, एकसुरी, चोवीस तास ऊंऽऽ. लसणाचं तेल घालून झालं, कापूस कोंबून झाला, तर आवाज उलट वाढला. जेवता जेवता घास हातात धरून तो कान टवकारून बसे.

"काय ऐकून राहिले जी?" बायको, कांताबाई, विचारी.

"गेला का पाहून राहिलो."

"मंग? गेला?"

"नाही ना."

खरी धास्ती निराळीच होती. पेचकस लावला की आता प्रत्येक यंत्र ऊंऽऽ म्हणायचं. चांगलं कुठलं, बिघडलेलं कुठलं, कळेना. तो अंदाजपंचे "ठीक आहे" म्हणून मोकळा व्हायचा आणि दिवसभर त्याच यंत्राभोवती घुटमळायचा. चालू पाळीत बेअरिंग फुटून कुणाचा हात गेला तर? आणि रुपरावला सांगावं तर फिटरकी गेली. त्याचं बूड एका जागी टेकेना.

कानाच्या डॉक्टरने हात टेकले आणि त्याला त्याच दवाखान्यातल्या सुहासिनीबाईंकडे धाडलं. त्या मनाच्या डॉक्टर. "मी का पागल आहो?" असं पुटपुटत बळीराम गेला, कारखान्यात दाढदुखीची थाप मारून. तिथे बाकांवर सहा माणसं बसलेली, सगळ्यांचे कान वाजणारे. दर मंगळवारी दुपारी एकत्र बसायचं, बोलायचं. आवाज जाईल असं बाई एकदाही म्हणाल्या नाहीत, याचाच बळीरामला राग आला.

"आवाज आहे की गेला, हे दिवसातून किती वेळा तपासता?" त्यांनी विचारलं.

"शंभरदा. तपासल्याशिवाय कसं समजन?"

"म्हणजे शंभरदा तुम्हीच त्याला हाक मारता."

शेजारी तुळसाबाई होती, पिठाच्या गिरणीवर उभा जन्म काढलेली. ती हसली. "माह्या कानात रातकिडा आहे, भाऊ. आधी लय भांडली त्याच्यासंगं. आता सोडून देलं. बस बापा कोपऱ्यात, मले काम आहे."

पेचकसाची गोष्ट बळीरामने पहिल्यांदा बोलून टाकली ती तिथेच. बोलून झाल्यावर त्याला लाज वाटली. तुळसाबाईने साधंच विचारलं, "पेचकस काढला तरी वाजते का?"

"वाजते ना."

"मंग तो तुमचा. मशीनचा असता तं काढल्यावर राहिला असता का?"

इतकं सोपं त्याला सुचलं नव्हतं, कारण पेचकस टेकवताच भीतीने सगळं ध्यान आपल्याच कानाकडे धावायचं. पुढचे पाच-सहा मंगळवार बाईंनी तेच गिरवून घेतलं. आपला आवाज ऐकायचा, त्याला असू द्यायचं, मग टेबलावरच्या घड्याळाची टिकटिक ऐकायची. बळीरामची चुळबूळ काही थांबेना. दोनदा तो अर्ध्यातून उठून गेला आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा येऊन बसला.

दिवाळीच्या तोंडावर रुपरावने त्याला मोठ्या कॉम्प्रेसरपाशी बोलावलं. बळीरामने पेचकस टेकवला. ऊंऽऽ. काढला. ऊंऽऽ. हा माझा, बस बापा. पुन्हा टेकवला, आणि त्या आवाजाच्या खाली मुरमावरून बैलबंडी जावी तशी खरखर लागली.

"बंद करा," तो म्हणाला.

उघडून पाहिलं तर बेअरिंगमधल्या गोळ्या धरून ठेवणारी जाळी तडकलेली. रुपरावने पाठ थोपटली, तेव्हा बळीरामला राहवलं नाही.

"रुपरावजी, माही दाढ नाही दुखत. कान वाजून राहिला, पाच महिने झाले. मंगळवारी दवाखान्यात तसल्याच लोकायसंगं बसतो. या दिवसांत किती मशिना मी अंदाजानं पास केल्या. साऱ्या पुन्हा पाहा लागतीन."

रुपरावने हातातले चार नट एकेक करून खिशात टाकले. गेली फिटरकी, बळीरामला वाटलं.

मग आजूबाजूला कुणी नाही असं पाहून रुपरावने हळूच विचारलं, "मंगळवारी किती वाजता असते गा ते?"