तिसरी शिफारस

मास्टर्सच्या अर्जातला निबंध मला जड गेला नाही. निबंध एकटीनं, दार लावून लिहिता येतो. अडचण पुढच्या पानावर होती. मला चांगलं ओळखणाऱ्या तीन माणसांची नावं आणि ईमेल तिथं भरायचे होते. युनिव्हर्सिटी त्यांना लिंक पाठवणार, ते माझ्याबद्दल शिफारसपत्र लिहिणार आणि मला न दाखवता तिकडेच पाठवणार. तिघांपैकी दोघांनी तरी मला कॉलेजात शिकवलेलं हवं, अशी अट होती.

दोन नावं लगेच सुचली. एक माझ्या नोकरीतल्या मॅडम. बी.एस्सी. केमिस्ट्री झाल्यावर मी इथंच बहरैनमध्ये पाणी तपासणाऱ्या एका लहान लॅबमध्ये लागले होते, तिथल्या त्या प्रमुख. दुसरं नाव शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टच्या गाइडचं. तिसऱ्या रकान्यात कर्सर लुकलुकत राहिला. चार वर्षं मी एकही तास बुडवला नव्हता, पण वर्गात तोंडही उघडलं नव्हतं. हजेरीला नुसता हात वर करायचा. प्रश्न पडला तर घरी येऊन पुस्तकात शोधायचा. ग्रुपमध्ये स्लाइड मी बनवायची आणि बोलायचं दुसऱ्या कुणीतरी. तेव्हा याचा त्रास झाला नव्हता. उलट सोय वाटायची.

शेवटी मी एका सरांना मेल केला. मूळचे सुदानचे, वयस्कर, त्यांनी मला दोन विषय शिकवले होते आणि दोन्हींत मला ‘ए’ होता. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: तुमचं नाव यादीत सापडलं, पण चेहरा आठवत नाही, फोटो पाठवाल का? मोबाइलमधले फोटो मी अर्धा तास चाळले आणि व्हिसासाठी काढलेला पासपोर्ट साइजचा पाठवला. त्यांचं पुढचं उत्तर दोन ओळींचं होतं. माफ करा, अजूनही आठवत नाही. ज्या व्यक्तीला मी ओळखत नाही, तिच्याबद्दल खरं असं काय लिहू?

त्यांचं चुकलं नव्हतं, म्हणूनच ते जास्त लागलं. अर्जाची मुदत गुरुवारी संध्याकाळपर्यंत होती आणि त्या दिवशी रविवार होता. पुढचे प्रवेश एका वर्षानं.

अम्मीनं जेवताना माझा चेहरा बघितला आणि सगळं काढून घेतलं. आमच्या घरात ती रत्नागिरीकडच्या मराठीत विचारते, मी इंग्रजीत उत्तर देते, आणि दोघींना चालतं.

“चार वर्षं कॉलेजात गेलीस की भिंतीला टेकून आलीस गो?” ती म्हणाली. “एकानं पण ओळखू नये?”

“राहू दे ना,” मी म्हणाले.

अब्बा माशाचा काटा काढत ऐकत होते. “रेकमेंडेशन म्हणजे शिफारसच ना?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मग मला सांगायचं ना!” ते हसले. खरंच खूश दिसत होते.

अब्बा मनामातल्या एका हार्डवेअरच्या व्यापाऱ्याकडे क्लार्क आहेत. बंदरावर आलेला माल कागदपत्रं करून सोडवणं हे त्यांचं काम. कुठल्या टेबलावर आधी सलाम करायचा, कुणाचा शिक्का असला की पुढचा माणूस प्रश्न विचारत नाही, हे त्यांना पाठ आहे. माझ्या अभ्यासातलं त्यांना कधी काही कळलं नाही आणि त्याचं त्यांना वाईट वाटतं, हे मला माहीत होतं. आता पहिल्यांदाच माझी अडचण त्यांच्या खात्यातली निघाली होती.

सोमवारी संध्याकाळी ते तपकिरी पाकीट घेऊन आले. घडी पडू नये म्हणून ते प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवलं होतं. आत त्यांच्या मालकाचं पत्र होतं. त्यांना सगळे अरबाब म्हणतात. वर अरबी, खाली इंग्रजी, आणि गोल निळा शिक्का. मजकूर साधारण असा: या मुलीच्या वडिलांना मी बावीस वर्षं ओळखतो. त्यांच्या हातून आजवर एकही कागद हरवलेला नाही. मुलीला मी भेटलेलो नाही, पण ती अशीच असणार. तरी तिला प्रवेश द्यावा.

“स्वतःसाठी बावीस वर्षांत कधी काही मागितलं नाही यांनी,” अम्मी आतून म्हणाली. “पगारवाढ पण नाही.”

मी थँक्यू म्हणून पाकीट टेबलावर ठेवलं. मंगळवारी अब्बांनी विचारलं, “पत्र दिलंस?” मी हो म्हणाले. खोटं. अर्जाच्या पानावर तेव्हा दोन पत्रं पोचल्याच्या हिरव्या खुणा दिसत होत्या आणि तिसऱ्या ओळीसमोर ‘प्रतीक्षेत’ असं होतं. प्रतीक्षा कुणाची, हेही मी ठरवलेलं नव्हतं.

बुधवारी ते घरी आल्या आल्या म्हणाले, “अरबाब विचारत होता, युनिव्हर्सिटीचा फोन आला तर काय बोलायचं? दोन दिवस मोबाइल उशाशी घेऊन बसलाय. दुपारची झोप पण सोडली म्हाताऱ्यानं.”

तेव्हा मात्र मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. शिकवणाऱ्याचंच पत्र लागतं, ते मी नेऊन द्यायचं नसतं, अरबाबचं चालणार नाही. सांगताना मी त्यांच्या बुटांकडे बघत होते.

अब्बांनी चहाचा कप उचलला. मग म्हणाले, “म्हणजे मफी फायदा.” म्हणजे काही उपयोग नाही; बंदरावर एखादा कागद परत आला की हेच म्हणतात ते. चहा संपवला आणि विचारलं, “तो सुदानी मास्तर बसतो कुठं?”

“कॉलेजात. पण मी मेल केलाय ना त्यांना.”

“बसतो किती वाजता, ते विचारलं मी.”

“नऊला. पण अब्बा, ते नाही म्हणालेत.”

“मेलवर म्हणालाय. मेलवर कोण हो म्हणतो? उद्या मला कस्टमला जायचंच आहे. तुला सोडतो.”

गुरुवारी सकाळी कंपनीच्या पिकअपमधून आम्ही गुदैबियातल्या घरून निघालो. मी लॅबमध्ये दोन तास उशिरा येते म्हणून कळवलं होतं. मांडीवर प्रोजेक्टची फाइल होती. रस्ताभर मला वाटत होतं की अब्बा आत येतील, ते बोलतील, मी मान हलवेन आणि काम होईल. पार्किंगमध्ये मी विचारलंही, “तुम्ही येताय ना?”

“मी नाही येणार.”

“पाच मिनिटं फक्त.”

“मी आलो तर तो माझ्याशीच बोलेल. तू गप्प बसशील. मला ठाऊक नाही काय?” त्यांनी गाडी बंद केली नाही, एसी चालू ठेवला. “जा. यल्ला.”

मला वाटायचं, माझं गप्प बसणं घरात कुणाच्या लक्षात येत नाही.

सरांच्या केबिनचं दार अर्धं उघडं होतं. त्यांनी वर बघितलं, आणि मी कोण हे त्यांना कळलं नाही, हे मला दिसलं. मी नाव सांगितलं. मेलमधली फोटोवाली मुलगी, असंही सांगितलं.

“अच्छा,” ते म्हणाले. “फोटोपेक्षा तुम्ही वेगळ्या दिसता. बसा. वर्गात कुठे बसायचात?”

“मागून दुसऱ्या रांगेत. खिडकीकडे.”

“का?”

“तिथं एसीचा झोत येत नाही.”

ते मोठ्यानं हसले. “इतकी वर्षं मला वाटायचं, माझं शिकवणं कंटाळवाणं आहे म्हणून मागच्या रांगा भरतात.”

मग त्यांनी विचारलं, आता काय करता? मी लॅबबद्दल सांगायला लागले. वाक्यं मधेच संपत होती. पण लॅबमधलं काम मला माहीत होतं. मी एका आजोबांबद्दल सांगितलं. त्यांची खजुरांची छोटी बाग आहे आणि विहिरीचं पाणी खारट होत चाललंय. दर महिन्याला ते नमुना घेऊन येतात. पहिल्यांदा आले ते गुलाबपाण्याच्या बाटलीतून. त्या नमुन्याचे आकडे काही जुळेनात. मी झाकण उघडून वास घेतला, मग त्यांना आमची धुतलेली बाटली दिली आणि ती कशी भरायची ते दाखवलं. तेव्हापासून आकडे बरोबर येतात, पण दर वेळी आधीच्यापेक्षा वाईट. आजोबा विचारतात, का? मी म्हणते, क्षार वाढलेत. ते म्हणतात, ते मला जिभेला कळतं, का ते सांग. ते मला सांगता येत नाही. मास्टर्स करायचं ते त्यासाठी.

हे मी निबंधात लिहिलं नव्हतं. निबंधात ‘शाश्वत जलव्यवस्थापन’ वगैरे होतं.

सरांनी फाइल ओढून घेतली आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. काहींची उत्तरं आली, दोनांची आली नाहीत. एका ठिकाणी ते माझ्या आलेखावर पेन्सिलनं काहीतरी काढत होते, तेव्हा मी म्हणाले, “सर, तो आकडा उलटा वाचताय.” म्हणून झाल्यावर माझे कान तापले. त्यांनी चष्मा वर केला, पुन्हा बघितलं आणि म्हणाले, “खरंच की.”

घड्याळाकडे बघून त्यांनी फाइल मिटली. “मी खोटं लिहीत नाही. असं लिहीन, की हिला मी दोन विषय शिकवले तेव्हा ओळखत नव्हतो, आज चाळीस मिनिटं ओळखतो. त्या चाळीस मिनिटांबद्दल मात्र सविस्तर लिहीन. चालेल?”

“चालेल,” मी म्हणाले. तिथंच मोबाइलवर तिसऱ्या रकान्यात त्यांचं नाव आणि ईमेल भरला.

बाहेर अब्बा पेपरकपातला कडक चहा पीत बॉनेटला टेकून उभे होते. “झालं?”

“इंशाल्ला.”

“इंशाल्ला म्हणजे झालं की नाही? आमच्या ऑफिसात इंशाल्ला म्हणजे उद्या या.”

“झालं अब्बा. आज पाठवतो म्हणाले.”

चार वाजता, मी लॅबमध्ये असतानाच, तिसऱ्या ओळीसमोर हिरवी खूण आली. पाच आठवड्यांनी प्रवेशाचं पत्र आलं. त्या संध्याकाळी अब्बांनी खालच्या कोल्ड स्टोअरमधून, म्हणजे किराणा दुकानातून, आइस्क्रीम आणलं. खाता खाता सहज म्हणाले, “अरबाबला सांगितलं, तुमच्या पत्रानं काम झालं.”

“अब्बा!”

“मग काय सांगू? आता झोपतो तरी दुपारचा.”

वर्ग संध्याकाळचे असतात. लॅब सुटली की बस धरून जाते. आम्ही अकरा जण आहोत. बहुतेक जण माझ्यापेक्षा मोठे, सरकारी खात्यात किंवा मोठ्या कंपन्यांत काम करणारे. मधल्या सुट्टीत ते आपसात अरबीत बोलतात. कुणी वाईट वागत नाही. मी चहा घेते आणि नोटीस बोर्ड वाचते. पहिले दोन आठवडे मला वाटलं, जुनं सगळं तसंच चालू राहणार.

मग जमिनीखालच्या पाण्याच्या गणितांची पहिली चाचणी झाली. पंचवीसपैकी नऊ. आयुष्यात एवढे कमी गुण मला कधी पडले नव्हते. या विषयात नापास झालं तर पुढचं सत्र मिळत नाही. मी ती उत्तरपत्रिका चार दिवस बॅगेत घेऊन फिरले. तीन पुस्तकं काढली, व्हिडिओ बघितले. तिसऱ्या प्रश्नातलं समीकरण कुठून आलं, तेच कळत नव्हतं, आणि पुढचं सगळं त्याच्यावर उभं होतं. घरी कुणाला सांगितलं नाही.

पाचव्या दिवशी लॅबच्या मॅडमना विचारून तासभर आधी निघाले आणि त्या विषयाच्या सरांच्या केबिनपाशी गेले. हे सर तरुण आहेत, भराभर बोलतात. दारावर त्यांना भेटायच्या वेळांचा कागद लावला होता. बाहेर कुणी नव्हतं. मी तो कागद सावकाश, दोनदा वाचला. मग दार वाजवलं.

त्यांनी उत्तरपत्रिका बघितली, गुणांबद्दल काही बोलले नाहीत. उठून पांढऱ्या बोर्डावर तिसरा प्रश्न मांडला आणि सोडवत गेले. सहा-सात ओळी झाल्या. मार्करचं टोपण लावत त्यांनी विचारलं, “समजलं?”

मान आपोआप हलायला लागली होती. मी ती थांबवली.

“नाही,” मी म्हणाले. “दुसऱ्या ओळीपासून नाही.”

त्यांनी डस्टर घेतला, दुसऱ्या ओळीपासून खालचं सगळं पुसलं आणि मार्कर माझ्याकडे दिला. “पहिली ओळ तुम्ही वाचा,” ते म्हणाले. “मोठ्यानं.”

मी वाचायला लागले.