लांजीचा गाइड

लांजीच्या किल्ल्याच्या दरवाजात माझ्या साहेबांनी विचारलं, "हे कोण?" मी म्हणालो, "इथले गाइड आहेत." ते माझे सख्खे काका होते, आणि दोन हातांच्या अंतरावर उभे होते. या चुकीला माझ्याजवळ लाजेखेरीज कुठलंही कारण नव्हतं.

श्रावणकाका बालाघाटला सरकारी कचेरीत कारकून होते. वडिलांची नोकरी मलाजखंडच्या खाणीत, म्हणून शाळेसाठी मी काकांकडे राहिलो. रविवारी ते घरी सापडत नसत. एखादं जुनं देऊळ, पडका बुरूज, नाहीतर बैलजोड्यांच्या शर्यतीचा शंकरपट. तिथे काका आणि त्यांच्या सायकलच्या दांडीवर मी. कोरीव दगड दिसला की ते चप्पल काढत आणि त्यावर पालथा हात ठेवत, ताप बघावा तसा. धावून आलेल्या बैलाच्या मानेवरही तसाच. "दगड अन् बैल, हात लावल्याबिगर बोलत नाही, राजा," असं म्हणत. यावर काकू आतून म्हणायची, "अन् माह्या कपाळाले कधी लावसान हात? कालपासून फणफणून राह्यली मी."

पुढे पुण्यात नोकरी लागली आणि मी माझी बोली घासून पुसून काढली. साहेब आणि त्यांच्या पत्नी यांना जुन्या वास्तूंची आवड. त्यांना दोन दिवस आमच्या भागात आणायचं मीच ठरवलं: शनिवारी लांजीचा किल्ला, रविवारी जवळच्या गावचा पट. काकांना फोन केला तो फक्त रस्त्यांची चौकशी करायला. ते पहाटेच्या बसनं स्वतःच आले. इस्त्रीचा सदरा, हातात काकूच्या करंज्यांचा डबा. लांबूनच म्हणाले, "कवा निंगाले रे? मी कवाचा वाट पाहून राह्यलो." साहेबांच्या पत्नी हसल्या. वाईट हसल्या नाहीत, पण माझे कान तापले. तेवढ्यात साहेबांचा तो प्रश्न आला.

काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. डबा पिशवीत परत ठेवला आणि साहेबांना हात जोडून म्हणाले, "चला साहेब, किल्ला पाहून घ्या."

दोन तास त्यांनी बुरूज दाखवले, चौकटीवरचं नक्षीकाम समजावून सांगितलं. मलाही ते साहेब म्हणत होते. त्या दिवशी त्यांनी एकाही दगडाला हात लावला नाही.

साहेब खूश झाले आणि त्यांनी काकांना दुसऱ्या दिवशी पटावरही बोलावलं. मला वाटलं, ते येणार नाहीत. ते आले. धुरळ्यात जोड्या सुटत होत्या, भोंग्यावर हिंदी-मराठी मिसळून नावं पुकारली जात होती. गर्दीतून एक म्हातारा बैलवाला पुढे आला. माझ्याकडे निरखून म्हणाला, "श्रावणभाऊ, हा तुमचा पुतण्या नव्हं का? सायकलच्या दांडीवर बसून येत होता तो?"

साहेब शेजारीच होते. मी हो म्हणू शकलो असतो.

"नाही बा," काका म्हणाले. "पुण्याचे पाहुणे आहेत. माह्या पुतण्याले पटासाठी टाइम कुठं?"

माझं खोटं त्यांनी माझ्यापेक्षा चांगलं सांभाळलं. त्यानंतर मी फोन केला की ते "बोला साहेब" म्हणत आणि काकूकडे फोन देत.

यंदा काकांनी अंथरूण धरलं, तेव्हा मी बालाघाटला गेलो. उशाशी बसून चुकलं म्हणालो. ते आढ्याकडे बघत होते.

"मले काहून सांगता? मी त तिथंच होतो," ते म्हणाले. "ज्याले गाइड सांगतला, त्याले सांगा."

मी त्यांच्यासमोरच साहेबांना फोन लावला आणि काकांना ऐकू जावं म्हणून स्पीकर लावला. म्हणालो, लांजीला तुम्हांला किल्ला दाखवणारे ते गाइड नव्हते. माझे काका होते, मी त्यांच्या घरात वाढलो, मी खोटं बोललो. साहेब म्हणाले, "लांजीला गाइड होता का आपल्याबरोबर? मला काही आठवत नाही हो."

काकांनी ते ऐकलं. हसल्यासारखं केलं आणि भिंतीकडे कूस बदलली. ज्याच्यासाठी मी त्यांना नाकारलं, त्याच्या लक्षातही ते राहिले नव्हते.

मी त्यांच्या कपाळावर पालथा हात ठेवला. ताप होता. "काका," मी म्हणालो, "मी तुमचा पुतण्या. लाज वाटली म्हणून तुम्हाले गाइड म्हटलं. मले माफ करा."