आधीचा फोटो

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. अर्धं नवऱ्याला माहीत आहे, आणि त्याला ते गमतीचं वाटतं. उरलेलं अर्धं फक्त दोघींना माहीत आहे. मला आणि माझ्या आक्काला. आणि आक्का बोलणार नाही. मग मी तरी का बोलते आहे? मन हलकं करायला नव्हे. मन हलकं करायला आलेल्या बायका मी रोज सकाळी बघते. त्यांचं मनही हलकं होत नाही आणि वजनही.

परभणीत माझा बायकांचा फिटनेसचा वर्ग आहे. बसस्टँडवर उतरलात की समोरच माझा फ्लेक्स दिसतो. डाव्या बाजूला एक जाडजूड बाई, हिरव्या साडीत, प्लास्टिकच्या खुर्चीत घामाघूम होऊन बसलेली. खाली लिहिलंय, ‘आधी’. उजव्या बाजूला मी — ट्रॅकसूट, कमरेवर हात, सगळे दात दाखवणारं हसू. खाली ‘नंतर’. आणि वर मोठ्या अक्षरात, ‘मी करू शकले, तुम्हीही कराल!’ पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स आठवड्यात उतरतात, माझा टिकून आहे.

आता ऐका. मी जन्मात कधी जाड नव्हते. शाळेत मला काडी म्हणायचे. खो-खोत राज्य पातळीपर्यंत खेळले, बी.पी.एड. केलं आणि मग शाळांचे उंबरे झिजवले. संस्थाचालकांच्या लेखी खेळाची शिक्षिका म्हणजे काय? पंधरा ऑगस्टला पोरं रांगेत उभी करणारी बाई. ते चहा पाजायचे, ‘खेळाडू पाहिजेतच हो समाजाला’ म्हणायचे आणि जागा स्वतःच्या मेव्हणीला द्यायचे. शेवटी एक हॉल भाड्यानं घेतला आणि स्वतःचा वर्ग सुरू केला.

बायका यायच्या, मला खालून वर न्याहाळायच्या आणि चार दिवसांत गायब व्हायच्या. एक तर तोंडावरच म्हणाली, “मॅडम, तुमचं हाडच बारीक हाय. आमचं दुखणं तुमाला काय कळायलंय?” गुडघा कसा वाचवायचा, कंबर कशी सोडवायची, दम कसा वाढवायचा — हे सगळं मला येत होतं. पण ते हवं होतं कुणाला? त्यांना हवी होती त्यांच्यासारखीच एक लठ्ठ बाई, जी जादू होऊन बारीक झाली. फ्लेक्सवाल्यानंही तेच सांगितलं. आधीचा फोटो आणा मॅडम, त्याशिवाय गिऱ्हाईक फिरकत नाही.

आधीचा फोटो मी कुठून आणणार? पण माझ्या फोनमध्ये एक होता. आक्काचा.

आक्का माझी सख्खी थोरली बहीण. आई दिवसभर शेतात असायची, मी वाढले ती आक्काच्या कडेवर. माझी शाळा सुरू झाली तेव्हा तिची सुटली. मी मैदानावरून यायचे तेव्हा माझे मातीनं भरलेले कपडे तीच धुवायची. पुढं तिला पालमजवळच्या एका गावात दिली. दोन बाळंतपणं झाली, थायरॉइडचं दुखणं मागं लागलं, अंग सुटत गेलं, गुडघे गेले. चेहरा मात्र आम्हा दोघींचा एकच. तेच नाक, त्याच भुवया, पुढच्या दातांत तीच फट. फरक एवढाच की तिच्या हनुवटीवर गोंदण आहे.

चुलत भावाच्या लग्नात ती हौसेनं म्हणाली होती, “काढ की गं माझा एक फोटू. बरा आला तर पोराच्या फोनवर धाड.” नवी हिरवी साडी नेसली होती. फोटो बरा आला होता — मांडवातल्या खुर्चीत घामाघूम झाली होती, तरी ती हसत होती. नंतर तिनं दोनदा विचारलं. मी सांगितलं, डिलीट झाला गं.

फ्लेक्सवाल्यानं गोंदण पुसलं. एक मिनिटही लागलं नाही. बाळंतपणानंतर मी अशी झाले होते, असं मी सांगू लागले आणि हॉल भरला. मग मी रडायलाही शिकले. बसची पायरी चढताना कसा दम लागायचा, सीटवर बसले की शेजारची बाई कशी नाक मुरडायची, नवऱ्यासोबत बाहेर जायची कशी लाज वाटायची — हे सगळं मी आक्काचं उचललं आणि माझं म्हणून विकलं. ऐकताना बायकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मला मनातून त्यांची कीव नाही, किळस यायची. इतकं सहज फसतं का कुणी? त्या माझे हात धरून ‘मॅडम, तुमच्यामुळं जगायलोय’ म्हणायच्या आणि मी मान तिरपी करून हसायचे.

नवऱ्याला माहीत असलेलं अर्धं हे एवढंच. तो म्हणतो, धंद्यात चालतं. खरंच चालतं. एवढ्यासाठी मी तुमचा वेळ घेतला नसता.

पुढचं सांगायला जीभ रेटत नाही. पण सांगते.

एका सकाळी वर्ग चालू असताना आक्का दारात उभी राहिली. पालमहून पहिल्या एसटीनं आली होती. डॉक्टरनं वजन उतरवायला सांगितलं होतं, आणि आपली बहीण तर हेच शिकवते — मग तिनं दुसरीकडं कुठं जायचं? ती बसस्टँडवर उतरली होती. म्हणजे तिनं फ्लेक्स पाहिला होता. पाहूनही आली होती.

व्यायाम थांबला. सगळ्या बायका तिच्याकडं बघायला लागल्या, मग माझ्याकडं, मग पुन्हा तिच्याकडं. पुढच्या रांगेत एक ठसकेबाज बाई होती, तिच्या ओळखीनं अर्धा वर्ग आलेला, म्हणून मी तिच्यापुढं नेहमीच नमतं घ्यायचे. ती म्हणाली, “मॅडम, ह्या कोण? तुमच्या जुन्या फोटोसारख्याच दिसायल्यात की! फकस्त गोंदण जास्तीचं हाय.”

एक शब्द पुरला असता. बहीण. नात्यातल्या माणसाचा चेहरा सारखा असतो, यात कुणाला काय दिसलं असतं? फोटोही वाचला असता. पण मला एकदम सगळ्यांसमोर तिची लाज वाटली. तिच्या फाटक्या पिशवीची, घामाची, डुलत टाकलेल्या पावलांची. मी म्हणाले, “गावाकडच्या आहेत. आमच्या घरी कामाला असायच्या.”

हेच ते. फोटोची चोरी नव्हे, हे.

आक्कानं माझ्याकडं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मग बायकांकडं वळून म्हणाली, “व्हय. बाई लेकरू व्हत्या तवापून म्याच सांभाळलंय.” सख्ख्या बहिणीला ती बाई म्हणाली. माझं खोटं तिनं पदराखाली घेतलं, आणि त्यात स्वतः एक शब्दही खोटा बोलली नाही.

त्या ठसकेबाज बाईची खात्री पटली. वर्ग संपत आला होता. तिनं सहज सांगितलं, “मावशी, तेवढ्या चटया गुंडाळा की मग.” आणि आक्कानं पिशवी भिंतीशी ठेवली. तिला गुडघ्यात वाकता येत नव्हतं. भिंतीला हात लावून ती जमिनीवर बसली, बसल्या बसल्या सरकत एकेक चटई गुंडाळू लागली. आणि मी? मी समोर उभी राहून शेवटचे ताणाचे व्यायाम करून घेत होते. मोठ्यानं आकडे म्हणत होते. पाठ सरळ ठेवा, गुडघ्यावर भार देऊ नका, असंही सांगत होते. माझा आवाज एकदाही अडखळला नाही.

तिला बसस्टँडवर सोडायला गेले, तेही बायका पांगल्यावर. व्यायामाचा विषय तिनं काढला नाही, मीही नाही. गाडी लागायची होती. आम्ही फ्लेक्सच्या बरोबर समोर उभ्या होतो. तिनं मान वर करून तो नीट बघितला, बराच वेळ. मग म्हणाली, “फोटू चांगला आलाय गं. मला लय आवडला. तू धाडलाच न्हाईस.”

त्यानंतर ती परभणीला आलेली नाही. गुडघे आणखी गेलेत, असं तिच्या पोराकडून कळतं. मूळ फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे, गोंदणासकट. तो पाठवायला किती वेळ लागतो? मी पाठवलेला नाही.

गेल्या महिन्यात जिंतूरला दुसरा वर्ग सुरू केला. फ्लेक्सवाल्यानं विचारलं, या वेळी आधीचा फोटो बदलायचा का. मी म्हणाले, नको, तोच चांगला आहे.