चार पावलं मोर्च्याबरोबर

आधी माफी मागतो. मोर्च्याविषयी लिहायचं तर त्यातल्या मागण्या नीट माहीत असाव्यात, निदान आपण तिथे ठरवून गेलेलो असावं. मी चुकून गेलो होतो. शिवाय आमच्या घरात लग्नपत्रिका, वीजबिल आणि भिंतीवरचं कॅलेंडर सोडलं तर लिहिलेलं काही नसायचं. त्यामुळे आपलं लिहिणं कोणी बसून वाचावं असं म्हणताना अजून संकोच होतो. पण त्या दिवशी मला पुण्यातल्या ज्या माणसांनी वाट दाखवली, त्यांची मला नावंही माहीत नाहीत. आभार मानायचे तर दुसरा रस्ता नाही.

मी विदर्भातल्या एका लहान गावाचा. वाघोलीच्या एका कॉलेजात पहिल्या वर्षाला होतो. राहायला गावाकडच्याच एका दादाच्या खोलीवर. दादा कंपनीत पाळीवर काम करायचा. त्याच्या खोलीत आधीच तिघं होते आणि चौथा चालणार नाही असं घरमालकांनी स्पष्ट सांगितलेलं. महिनाअखेरपर्यंत ते गप्प राहणार होते. तोवर मला वसतिगृह मिळालं तर ठीक, नाहीतर पेटी उचलून गावी, आणि कॉलेज तिथेच संपलं. वसतिगृहाच्या यादीत माझं नाव लागलं होतं. मूळ कागद दाखवायचे राहिले होते. कागद बघणारं ऑफिस वारज्याला, शेवटचा दिवस गुरुवार, वेळ संध्याकाळी पाचपर्यंत.

आणि गुरुवारीच मोर्चा होता.

तो अचानक निघाला नव्हता. आठवडाभर आधी फलक लागले होते. रखडलेल्या नोकरभरतीसाठी बऱ्याच संघटना एकत्र येणार होत्या. कोणते रस्ते बंद आणि कुठून वळायचं, याची यादी वर्तमानपत्रात आली होती. मी ती कापून खिशात ठेवली. यादी अगदी व्यवस्थित होती, पण ज्याला पुणं माहीत आहे त्याच्यासाठी. अमुक चौकातून डावीकडे वळून तमुक पुलाकडे जावे, असं लिहिलेलं. मला ना तो चौक माहीत, ना पूल. वाघोली शहराच्या एका टोकाला, वारजे दुसऱ्या टोकाला, आणि मधलं सगळं पुणं माझ्यासाठी परदेशच होतं.

सकाळी प्रॅक्टिकल होतं, ते चुकवता आलं नाही. बारानंतर निघालो. छातीशी प्लास्टिकची फाइल, त्यात शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा, उत्पन्नाचा, सगळे मूळ. दादाने बजावलं होतं, "फाइल हातातून सोडायची नाही. झेरॉक्सला दिली तरी डोळ्यांसमोर."

बस रेल्वे स्टेशनजवळ थांबली. कंडक्टर उठून म्हणाले, "उतरा. पुढे मोर्चा."

एक बाई म्हणाल्या, "मग आम्ही जायचं कसं?"

"यायच्या आधी विचारायचं असतं ते."

दोन वाजले होते. मी यादी काढून दोघातिघांना दाखवली. एकाने सरळ जा म्हणून सांगितलं. सरळ गेलो. वीसेक मिनिटं चाललो असेन, तर एका रुंद चौकात समोरून मोर्चा आला. मला रस्ता ओलांडून पलीकडे जायचं होतं. बाकीचे लोक बिनधास्त दोन रांगांच्या मधून पळत पलीकडे जात होते. स्कूटर ढकलत एक आजोबाही गेले.

मला तसं जाता येईना. आमच्या गावात समोरून दिंडी येवो, वरात येवो की प्रेतयात्रा, ती मधून कापत नाहीत. कापणं म्हणजे त्या माणसांचा अपमान. रस्ता ओलांडायचा असला तरी आधी त्यांच्याबरोबर चार पावलं चालायचं, मग हळूच पलीकडच्या कडेने बाहेर पडायचं. लहानपणापासून हेच करत आलो. त्यामुळे फार विचार न करता मी मोर्च्यात शिरलो आणि चार पावलं चाललो.

गावात चार पावलांनंतर मोकळी जागा असते. इथे पलीकडच्या बाजूला दोर होता. दोन्ही कडांना स्वयंसेवक लांबच लांब दोर धरून चालले होते, मोर्चा पसरू नये म्हणून. मी दोराजवळ गेलो की शिट्टी वाजायची. "रांग मोडू नका. चारच्या रांगेत." मी परत रांगेत. चार पावलांची चारशे झाली, मग मी मोजणं सोडलं. मोर्चा पूर्वेला चालला होता, म्हणजे मी आलो त्याच दिशेला. एकेक पाऊल वारजे लांब जात होतं.

शिट्टीवाले माझ्या फाइलीकडे बघत जवळ आले. "निवेदन तुमच्याकडे आहे का?"

"नाही. माझे दाखले आहेत."

"मग आत धरा नीट. वारा आहे."

रांगेत माझ्या शेजारी आईच्या वयाच्या एक बाई होत्या. पायात स्पोर्ट्स शूज, साडीचा पदर खोचलेला. त्यांचा मुलगा चार वर्षं परीक्षा देत होता, आज ताप आला म्हणून त्याच्याऐवजी त्या आल्या होत्या. त्यांनी मला राजगिऱ्याची वडी दिली आणि विचारलं, "तुम्ही कुठल्या परीक्षेचे?"

खोटं बोलवेना. मी सांगितलं, की मला वारज्याला जायचंय, मोर्चा कापायचा नसतो म्हणून आत आलो.

त्या चालता चालता थांबल्याच. मागची रांग आमच्यावर आली. "वारज्याला? अहो, मग तासभर स्टेशनकडे काय चालताय? सांगायचं नाही का? आम्ही काय ओलीस धरलंय तुम्हाला?"

"दोर होता..."

"दोर गाई-म्हशींना असतो. माणसाला तोंड असतं." आणि त्यांनी शिट्टीवाल्यांना हाक मारली, "अहो, दोर उचला. या मुलाला जाऊ द्या. पाहुणा आहे."

दोर उचलला गेला. मी वाकून बाहेर आलो. कोणी रागावलं नाही, हसलंही नाही. उलट शिट्टीवाल्यांनी पाण्याची बाटली दिली. माझी भीती निम्मी तिथेच उतरली. पुण्यातली माणसं तोडून बोलतात एवढंच मी ऐकलं होतं. बोलता बोलता दोरही उचलतात, ते कोणी सांगितलं नव्हतं.

बाहेर येऊन बघतो तर समोर तोच थांबा, जिथे बसमधून उतरलो होतो. साडेतीन वाजले होते. वारज्याच्या ऑफिसला फोन लावला. घंटी वाजत राहिली, कोणी उचलला नाही. वाटलं, शेवटचा दिवस, गर्दी असणार.

बाजूच्या गल्लीत एक टेम्पो उभा होता, मागे रिकामे क्रेट. चालक दाढी पिकलेले, डोक्यावर जाळीची टोपी. हॉटेलांना भाजी पोचवून ते अडकून बसले होते. त्यांना विचारलं, वारज्याला कसं जायचं.

"आज? उद्या जा."

"आजच जायचंय, चाचा."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आधी मार्केट यार्डाला जायचंय मला. क्रेट उतरवायचे, कांदा-बटाटा भरायचा, मग वारज्याच्या मेसला माल. तेवढं थांबणार असशील तर बस."

मी बसलो. ते कुठल्या कुठल्या गल्ल्यांतून गेले मला आजही सांगता येणार नाही. एका ठिकाणी आरसा मिटून घ्यावा लागला. मी मोर्च्यात कसा शिरलो ते त्यांना सांगितलं. त्यांनी हात बाहेर काढून आरसा परत उघडला. मग म्हणाले, "चांगली पद्धत आहे. पण पुण्यात नको पाळूस. इथे रोज काही ना काही समोरून येतं."

मार्केट यार्डात सव्वाचार झाले. क्रेट उतरवले. गोण्या चढवायला मीही खांदा लावला. गोणी कशी घ्यायची ते मला कोणी शिकवायची गरज नव्हती, आणि आख्ख्या दिवसात मला जमलेलं ते पहिलं काम होतं. मग चाचा हात धुऊन म्हणाले, "नमाज पढून येतो. दहा मिनिटं. गाडीकडे बघ." किल्ली तशीच आत ठेवून ते गेले.

इथे मी दुसरी चूक केली. पाच वाजता ऑफिस बंद होतं, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. दुसऱ्याच्या गाडीत बसून आपली घाई सांगायची नाही, हेही आमच्याकडचंच. मी फाइल मांडीवर घेऊन गाडीकडे बघत बसलो आणि घड्याळाकडे बघणं टाळलं.

वारज्याला ऑफिससमोर उतरलो तेव्हा पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. फाटकाला कुलूप. वॉचमनची खुर्ची रिकामी. मी कुलूप हलवून पाहिलं, कशासाठी ते कळलं नाही.

चाचा गाडीतूनच म्हणाले, "बंद?"

"पाचपर्यंत होतं."

"पाच?" त्यांनी इंजिन बंद केलं. खाली उतरले. "आणि तू मला आत्ता सांगतोस?"

"तुमचा नमाज..."

"अरे, तुला सोडून मग कुठेही पढलो असतो. मशीद काय एकच आहे पुण्यात?" ते रागावले होते, पण माझ्यावर की स्वतःवर, ते समजेना. मग माझ्या बाजूला पायरीवर बसले. मेसचा माल थांबला होता, तरी बसले. "काय होतं त्या कागदात?"

मी सांगितलं. खोली, महिनाअखेर, गाव. पहिल्यांदाच सगळं एका दमात सांगितलं. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "उद्या सकाळी माझ्याबरोबर ये. साहेबांशी मी बोलतो. ऐकतील न ऐकतील. पण तू गप्प बसायचं नाहीस. नाहीतर तुझं काम तुझ्या तोंडातच राहायचं."

तेवढ्यात फोन वाजला. बाबांचा.

"कुठी हायेस?"

"वारज्याले."

"जेवला काय?"

"हो," मी म्हणालो. राजगिऱ्याची वडी खाल्ली होती.

"एक सांगाचं होतं. सकाळपासून माह्या फोनात एक मेसेज येऊन पडला हाय. इंग्रजीत हाय. मले वाटलं कंपनीचा असन, रिचार्जचा. आता बाई शाळेतून घरी चालल्या होत्या, त त्याईले दाखवला."

मला फॉर्म आठवला. मोबाइल नंबरच्या रकान्यात मी बाबांचा नंबर लिहिला होता. तेव्हा माझ्याकडे फोन नव्हता, आणि घरातला नंबर म्हणजे तोच.

"काय म्हणल्या बाई?"

बाबांनी थांबून, पाठ केल्यासारखं एकेक शब्द सांगितला. "तुया वसतिगृहाचा हाय म्हन्ते. मोर्च्यामुळं आज ऑफिस बंद. कोनी येऊ नका. कागद उद्या पाहनार हाय, सकाळी अकरा वाजता. रस्ता सापडन ना तुले?"