मालनबाईनं आवरलेल्या बाहुल्या

मालनबाईला पोरांचं कौतुक नव्हतं. बसवनगुडीतल्या त्या दवाखान्यात मुलांच्या खेळाची खोली झाडायची, वाळू चाळायची, लाकडी बाहुल्या पुसायच्या, एवढं तिचं काम. खेळायला डॉक्टर लागतो हेच तिला मुळात पटत नसे. घराणं तिचं तीनशे वर्षं बेंगळुरात मुरलेलं. बोलायची ती मराठी निम्मी कन्नड. डॉक्टर शेषगिरींबद्दल म्हणायची, "सुम्ने, उगाच बसतो नि लिहितो. फुकटचा पगार."

खोटं नव्हतं. शेषगिरी एकसष्ट साली विलायतेहून एक पदवी आणि एक नियम घेऊन आले होते. मूल खेळता खेळता आपलं दुःख बाहेर काढतं, तेव्हा मोठ्यांनी तोंड उघडायचं नाही. त्यांच्या आळसाला हा नियम अगदी मापात बसला.

नंदकिशोर त्याहून थोर. सरकारी कारखान्यात इंजिनियर, कडक इस्त्रीची पँट, खिशाला दोन पेनं. बायको बाळंतपणात गेली, तर पाच वर्षांच्या मुलीला, नयनाला, यानं सांगितलं, आई पुण्याला गेलीय. पोर त्या दिवसापासून मुकी, म्हणून तिला इथं खेळायला आणू लागला. पाच महिने झाले. याची घाई वेगळीच: दिवाळीनंतर पुण्याचीच दुसरी करून आणायची आणि पोरीला दाखवायचं, बघ, आई आली. त्याआधी पोर बोलती हवी. हा बेत त्यानं खोलीच्या दारातच सांगितला. मालनबाई तिथं फरशी पुसत होती. कल्पना वाईट नाही, म्हणाले डॉक्टर. अशांना पदव्या देतात.

नवरात्र बसलं तशा मालनबाईनं कुणाला न विचारता बाहुल्या पायऱ्यांवर मांडल्या, वर राजाराणीची जोडी. बोंबेहब्बाला, बाहुल्यांच्या सणाला, इथं घरोघर मांडतात तशाच. एकदा मांडल्या की दहा दिवस हात लावायचा नाही. म्हणजे खेळाच्या खोलीत खेळच बंद. डॉक्टरांच्या हे आठव्या दिवशी ध्यानात आलं. नयना समोर बसून नुसती बघायची.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मालनबाईनं राणीला आडवं केलं आणि जुन्या हिरव्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळायला घेतलं.

"हिला पण पुण्याला नेणार?" नयना म्हणाली.

डॉक्टरांनी पेन उचललं. मालनबाईचा हात थांबला. सवाष्ण गेली की हिरव्यात नेतात, आणि पोरीनं ते नेणं पाहिलं होतं. पाच महिने वही भरणाऱ्याला ते कळलं नव्हतं.

"नाही पुट्टी. ही लाकडाची. पुढच्या दसऱ्याला काढू परत."

"आणि आई?"

"आई मेली. मेलेलं माणूस येत नाही. दिवाळीनंतर घरात येईल ती दुसरी बाई."

पोर अर्धा तास रडली, मालनबाईच्या पदरात तोंड खुपसून. मालनबाईनं कुरवाळलं नाही, पण जागची हललीही नाही.

न्यायला आलेल्या नंदकिशोरनं सगळं ऐकलं आणि आधी या बाईला काढा म्हणाला. डॉक्टर लगेच मान डोलावून सरी म्हणाले. मग पँटची इस्त्री सांभाळत तो पोरीसमोर उकिडवा बसला, आवाजात साखर घोळून म्हणाला, "आई दिवाळीनंतर येणार ना, बाळा?"

"ती मेली," नयना म्हणाली. "येणारी दुसरी."

मालनबाईची नोकरी गेली. शेषगिरींनी डॉक्टरांच्या सभेत त्या रडण्यावर निबंध वाचला, त्यात मालनबाई कुठंच नाही. नवी बायको घरात आली तेव्हा नयनानं तिला नाव विचारलं. अलका, ती म्हणाली. पोर तिला अलकामावशी म्हणू लागली. नंदकिशोर धुमसत राहिला. अलकेनं मात्र त्याला सांगून टाकलं, मला हेच बरं वाटतं.